अंगावरचं दूध आणि गिरणीचा भोंगा

आईच्या अंगावर दूध किती येणार, हे बाळ किती वेळा ओढते यावर ठरते. बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून दोन संप्रेरके सुटतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे ते बाहेर येते. मराठीत ज्याला पान्हा फुटणे म्हणतात ते या दुसऱ्याचे काम. पहिल्या काही आठवड्यांत बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पिते. मध्ये दहा-अकरा तासांचा खंड पडला तर छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, ताप भरतो. असा खंड रोज पडू लागला की अंगावरचे दूध आटत जाते. म्हणून अंगावर पाजणे ही जितकी शरीराची गोष्ट आहे तितकीच वेळेची आहे, आणि तो वेळ कोणाच्या ताब्यात आहे याचीही. भायखळा, लालबाग, परळ या गिरणगावात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो गिरणीच्या भोंग्याच्या ताब्यात होता.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. पुढच्या पन्नास वर्षांत भायखळ्यापासून परळपर्यंत धुराड्यांची रांग उभी राहिली. भायखळ्याची खटाव मिल १८७४ची. या गिरण्यांत पाचांतला सुमारे एक कामगार बाई असे. बायका मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग या खात्यांत, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामावर. त्यांच्यावर देखरेख करणारी, कामावर घेणारी आणि काढणारी बाईही त्यांच्यातलीच. तिला नायकीण म्हणत. १८९१च्या कारखाना कायद्याने बायकांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले आणि मध्ये दीड तासाची विश्रांती ठेवली. त्याआधीच्या वर्षी, २४ एप्रिल १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी महालक्ष्मीच्या मैदानावर भरवलेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन बायकाही बोलल्या होत्या. आठवड्याची सुटी मिळावी ही त्या सभेची मागणी, आणि त्याच वर्षी जूनपासून रविवार सुटीचा झाला. ओल्या बाळंतिणीला मात्र रविवार पुरणारा नव्हता. तिला दर दोन-तीन तासांनी काही मिनिटे हवी होती, आणि ती कोणत्याच कायद्यात नव्हती.

हे अकरा तास बाळाने कसे काढायचे, याचे उत्तर बाजारात मिळत होते. त्याचे नाव बाळगोळी. नाव औषधाचे, गुण अफूचा. सकाळी कामावर निघताना आईने गोळी चाटवली की बाळ दुपारपर्यंत निपचित पडून राही. कधी ती घरातली म्हातारी चाटवी, कधी शेजारीण. मुंबई सरकारने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला गिरण्यांतल्या बायकांची स्थिती पाहण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली. त्यांच्या अहवालातला एक आकडा तेव्हापासून सतत सांगितला जातो: कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जात होती. हा आकडा पुष्कळदा आयांच्या अडाणीपणाचा पुरावा म्हणून वापरला गेला. तो वेळापत्रकाचा पुरावा म्हणून वाचणे अधिक बरोबर आहे. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव आया एकच चूक करत असतील, तर ती चूक त्यांच्या डोक्यात नसून त्यांच्या दिवसाच्या आखणीत असते.

अफूचा दुष्परिणाम गुंगीपुरता नव्हता. झोपाळलेले बाळ भूक लागली तरी रडत नाही आणि जागे झाले तरी जोराने ओढत नाही. संध्याकाळी आई परत आली, तिची छाती भरलेली असली, तरी पिणारा अर्धवट शुद्धीत. त्यामुळे दूध उतरत नाही, पुढच्या दिवशी आणखी कमी येते, मग वरचे दूध सुरू होते. ते पाणी घालून पातळ केलेले आणि चाळीच्या उकाड्यात दुपारपर्यंत नासलेले. हगवण लागली की अफू पुन्हा उपयोगी पडे, कारण ती हगवण थांबवते. एका गोळीभोवती फिरणारे हे दुष्टचक्र बार्न्सबाईंच्या काळातल्या डॉक्टरांना पुरते समजलेले होते.

गिरण्यांत पाळणाघरे काढून पाहिली गेली. काही मालकांनी ती चांगली बांधलीही. तरी पुष्कळ बायका मूल तिथे ठेवायला कचरत. अनोळखी जातीच्या बाईच्या हाती मूल द्यायचे, इतक्या मुलांत दृष्ट लागायची, साथ आली तर सगळ्यांनाच लागायची, ही कारणे होती. शिवाय चाळीपासून गिरणीपर्यंत तान्ह्याला पहाटे काखोटीला मारून न्यायचे आणि अंधारात परत आणायचे. शेजारणीच्या मांडीवर मूल टाकून जाणे त्यापेक्षा सोपे वाटे.

त्या काळच्या मुंबईतले बालमृत्यूचे आकडे आज वाचताना छापण्यातली चूक वाटतात. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या मुंबईतील कामगार आणि घरे यांवरच्या पुस्तकात १९२१ची आकडेवारी खोल्यांच्या हिशेबाने दिली आहे. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार जन्मांमागे ८२८ मुले वर्षाच्या आत दगावली. दोन खोल्यांत हा आकडा ३२२ होता, तीन खोल्यांत १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांत १३३. यात एक मेख आहे. कोकणातली, घाटावरची कामगार बाई बाळंतपणाला गावी जाई. मुलाचा जन्म रत्नागिरीत किंवा साताऱ्यात नोंदला जाई, किंवा नोंदलाच जात नसे. ती चार-सहा महिन्यांनी मूल घेऊन मुंबईला आली आणि ते मूल चाळीत गेले की मृत्यू मुंबईच्या खात्यात पडे. म्हणजे भागाकारात वरचा आकडा पूर्ण आणि खालचा अपुरा. ८२८ हा आकडा त्यामुळे फुगलेला आहे. पण खोल्या वाढल्या तशी मुले जगली, हा उतार खोटा नाही. एका खोलीत चूल, मोरी, आजारी माणूस आणि बाळंतीण एकत्र असत. पोयबावडी, आग्रीपाडा इथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेल्या बीआयटी चाळी त्यातल्या त्यात बऱ्या. तरी तिथेही बहुतेकांच्या वाट्याला एक खोली.

गावी जाण्यात शहाणपण होते. माहेरी बाळंतिणीला बाज मिळे, शेक-शेगडी मिळे, सव्वा महिना पाण्यात हात घालावा लागत नसे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खारीक, मेथी, बाळंतशेपा, ओले खोबरे हा आहार उष्मांक, लोह आणि स्निग्धांश यांच्या हिशेबाने चांगलाच भरभक्कम होता. त्यात काय वगळावे हेही ठरलेले असे, आणि तिथे मात्र गडबड होती. कित्येक घरांत बाळंतिणीला पालेभाज्या आणि फळे ‘वातूळ’ किंवा ‘थंड’ म्हणून वर्ज्य. बाळाच्या बाबतीतली मोठी चूक पहिल्या दोन-तीन दिवसांतली. बाळंत झाल्यावर प्रथम येणारे दाट पिवळसर दूध, म्हणजे चीक, जड किंवा घाण समजून पिळून टाकत आणि बाळाला मध, गुळाचे पाणी किंवा गुटी चाटवत. गाईच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या समाजाने स्वतःच्या बाळाचा चीक टाकावा, ही विसंगती खरोखर चमत्कारिक आहे. चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात. तो थोडाच येतो, कारण पहिल्या दिवशी बाळाचे पोटही चमचाभर मावेल एवढेच असते.

गिरणगावातल्या बाळंतिणींच्या रक्ताने एक मोठा शोध लावून दिला, आणि त्याची जागा परळ हीच आहे. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये १८९९पासून प्लेगची प्रयोगशाळा होती. तीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी तिथे मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी हाती घेतली आणि तिच्यासाठी लंडनहून रक्तविकारांच्या अभ्यासक डॉ. ल्यूसी विल्स यांना बोलावून घेतले. मुंबईत गरोदर बायकांना होणारा एक विशिष्ट रक्तक्षय त्यांच्यापुढे होता. यात तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होत. बाई पांढरीफटक पडे, धाप लागे, पायांवर सूज येई आणि बाळंतपणात थोडे रक्त गेले तरी ती दगावे. तेव्हा माहीत असलेल्या ‘पर्निशस’ रक्तक्षयाशी हा आजार मिळताजुळता होता, पण त्यावरची शुद्ध केलेली यकृत-अर्काची औषधे इथे लागू पडत नव्हती.

विल्स यांनी रोगजंतूंचा संशय तपासून बाजूला ठेवला आणि ताटाकडे लक्ष वळवले. कोणत्या जातीधर्माच्या, कोणत्या उत्पन्नाच्या घरात काय शिजते याची नोंद त्यांनी डॉ. एस. एन. तळपदे यांच्यासह केली. हा आजार गरीब घरांत, विशेषतः गरीब मुस्लिम बायकांत, जास्त आढळत होता. त्यांच्या जेवणात भाजीपाला आणि फळे फार कमी होती. मग उंदीर आणि माकडे यांना तसाच निकृष्ट आहार देऊन त्यांच्यात रक्तक्षय घडवून आणला, आणि निरनिराळे पदार्थ देऊन तो कशाने बरा होतो हे पाहिले. उत्तर निघाले मार्माइट. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून काढलेला हा काळा, खारट, स्वस्त लगदा इंग्रज लोक पावाला लावून खातात. तो रोज थोडा दिल्यावर परळ-भायखळ्याच्या बायकांचे रक्त काही आठवड्यांत भरू लागले. १९३१ साली विल्स यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. यीस्टमधल्या त्या अज्ञात द्रव्याला बराच काळ ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळे केले गेले आणि पानांवरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव पडले. आज जगभरातल्या गरोदर बायकांना पहिल्या तपासणीतच जी गोळी देतात तिचा उगम असा गिरणगावात आहे. परळला विल्स यांच्या नावाचा चौक असता तर तो शोभला असता.

या शोधाचा दुधाशी संबंध आहे. गर्भाला आणि तान्ह्याला लागणारे फोलेट आईच्याच साठ्यातून जाते. अंगावर पाजणारी आई उपाशी असली तरी दुधाचा दर्जा फारसा घसरत नाही. घसरते ती आई. त्यातून पुढचे गरोदरपण लवकर आले तर भरपाईला वेळच उरत नाही. रात्रंदिवस अंगावर पिणारे मूल असेल तर पहिले काही महिने पाळी सहसा येत नाही आणि दिवस राहण्याचा संभव कमी राहतो. निसर्गाने ठेवलेले हे अंतर गिरणीच्या अकरा तासांनी मोडले: दिवसभर पाजणे बंद, म्हणून पाळी लवकर, म्हणून दुसरे मूल लवकर, म्हणून रक्त आणखी कमी. दूध आणि रक्त हे एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, हे डॉक्टरांना दिसत होते. पण तास कमी करणे त्यांच्या हातात नव्हते.

ते कायद्याच्या हातात होते. १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत बाळंतिणींच्या संरक्षणाचा करार झाला. बाळंतपणापूर्वी आणि नंतर सहा-सहा आठवड्यांची रजा, त्या काळात पैसे, आणि कामावर परतल्यावर बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास, अशा त्याच्या अटी. परळच्या सोशल सर्व्हिस लीगचे ना. म. जोशी त्या परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून हजर होते. हिंदुस्थान सरकारने करार स्वीकारला नाही. जोशी यांनी १९२४ साली केंद्रीय कायदेमंडळात स्वतःचे विधेयक आणले, तेही पडले.

मुंबईच्या विधिमंडळात आर. एस. आसवले यांनी प्रसूती-लाभाचे विधेयक मांडले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर काही काळ विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, म्हणून हा भार बराचसा सरकारने उचलायला हवा. पण सरकार तो उचलत नाही तोवर, बाईच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकाने तो सोसणे गैर नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आंबेडकर तेव्हा पोयबावडीच्या बीआयटी चाळीत राहत होते. त्यांच्या आणि रमाबाईंच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली होती. धाकटा राजरत्न १९२६ साली. विधिमंडळातल्या भाषणात यातले काही आलेले नाही.

१९२९ साली कायदा झाला. देशात असा कायदा करणारा मुंबई हा पहिला प्रांत. दिवसाला आठ आणे, जास्तीत जास्त सात आठवडे: तीन आधीचे, चार नंतरचे. म्हणजे पुरेपूर मिळाले तर साडेचोवीस रुपये. बाळंतपणानंतरचे चार आठवडे बाईला कामावर घ्यायलाच मनाई होती. आईला उठून बसता येईपर्यंतची ही सोय होती. चार आठवड्यांनी ती पुन्हा वाइंडिंग खात्यात उभी राही, आणि तिथे पाजण्यासाठीचा अर्धा तास या कायद्यातही आला नाही.

कायद्यात एक कच्चा दुवा होता आणि तो पुढे महागात पडला. पैसे थेट मालकाने द्यायचे होते. त्यामुळे ज्या गिरणीत बायका जास्त तिचा खर्च जास्त, आणि तरुण लग्न झालेली बाई घेणे म्हणजे उघड तोटा. नायकिणीच्या हाती नोकरी असल्याने दिवस राहिलेल्या बाईला हक्काची मुदत भरण्याआधीच घरी बसवणे सोपे. नवी वाइंडिंग यंत्रे आली, कामाचे ‘रॅशनलायझेशन’ झाले, रात्रपाळीला बायकांना बंदी होती. या सगळ्याबरोबर हाही हिशेब होता. स्वातंत्र्यानंतर गिरण्यांतल्या बायकांचा हिस्सा उतरत गेला, आणि जानेवारी १९८२मध्ये दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा गिरणी कामगार म्हणजे जवळपास पुरुषच. खर्च एका मालकावर न टाकता सगळ्यांच्या वर्गणीतून भागवायचा, हे राज्य कामगार विमा योजनेचे तत्त्व १९४८च्या कायद्याने आले. गिरणगावातल्या बहुतेक बायकांसाठी ते उशिरा आले. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने पाळणाघर सक्तीचे केले आणि तिथे आईला पाजू देण्याची सोय ठेवली. १९६१च्या प्रसूती-लाभ कायद्यात अखेर पाजण्याच्या दोन सुट्या आल्या, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत. वॉशिंग्टनच्या करारानंतर बेचाळीस वर्षांनी.

दरम्यान बाळंतपण चाळीतून रुग्णालयात गेले होते. कामा रुग्णालय १८८६पासून होते आणि ते स्त्री-डॉक्टर चालवत. भायखळ्याचे जे. जे. तर त्याहून जुने, १८४५चे. गिरणगावाच्या मध्यावर १९२६ साली केईएम आणि नौरोसजी वाडिया प्रसूती रुग्णालय सुरू झाले. मुलांचे वाडिया १९२९चे. कामाच्या प्रमुख डॉ. जेरूशा झिराड यांनी १९३०च्या दशकात शहरातल्या मातामृत्यूंची एकेक नोंद तपासून त्यांची कारणे शोधली. सुईणीच्या हातून होणारा जंतुसंसर्ग रुग्णालयांनी आटोक्यात आणला. पण दुधाच्या बाबतीत त्यांनी नवा अडथळा उभा केला. बाळ वेगळ्या खोलीत, आई वेगळ्या वॉर्डात, तीन-तीन तासांनी घड्याळ पाहून पाजणे, मध्ये बाटली. सुईणीने चीक फेकला, तर रुग्णालयाने पहिल्या तासात बाळ आईपासून दूर नेले.

हे मोडण्याचे मोठे काम शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात झाले. धारावीला लागून असलेल्या या पालिका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची, किलो-दीड किलोची बाळे सतत येत आणि जंतुसंसर्गाने जात. नवजात विभागाच्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी बाटल्या आणि पावडरचे दूध बंद केले आणि आयांना विभागात घेतले. बाळाचे पुसणे, पाजणे, उबेत धरणे त्या करू लागल्या. अडचण उरली ती ज्या बाळाची आई गंभीर आजारी आहे किंवा जिला अजून दूध उतरलेले नाही त्याची. त्यासाठी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी शीवला मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातली ती पहिली. दान करणाऱ्या बहुतेक जणी त्याच रुग्णालयातल्या बाळंतिणी. त्यांचे आजार तपासतात, हात धुऊन दूध काढून घेतात, एकत्र करून ६२.५ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवतात, झटकन थंड करून जंतू-तपासणी होईपर्यंत उणे २० अंशांवर ठेवतात. या तापवण्याने काही गुणद्रव्ये कमी होतात, म्हणून स्वतःच्या आईचे ताजे दूध पहिले, पेढीचे दुसरे, डब्याचे शेवटचे, असा क्रम.

भायखळा-नागपाड्यासारख्या मुस्लिम वस्तीत या पेढीपुढे एक वेगळा प्रश्न येतो. इस्लामी धर्मशास्त्रात एका बाईचे दूध प्यायलेली मुले भावंडे ठरतात आणि त्यांचे आपसांत लग्न होत नाही. अनेकींचे दूध एकत्र केले तर दूधभाऊ कोण हे कळणार कसे? याबद्दल धर्मपंडितांत एकमत नाही, आणि आईवडिलांना आधी समजावून विचारणे हाच रुग्णालयातला व्यवहारी मार्ग. कुराणात मुलाला पूर्ण दोन वर्षे पाजावे असेही सांगितले आहे, आणि मोहल्ल्यातल्या आजीला ते पाठ असते. आरोग्यसेविकेला याहून चांगला दाखला शोधावा लागत नाही.

बाटलीचा पुरवठा मात्र दुसऱ्या बाजूने वाढत होता. मध्यमवर्गीय गिरगाव-दादरमध्ये एकेकाळी गुबगुबीत मुलाला कौतुकाने ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणत, आणि गुटगुटीत बालक स्पर्धांत बक्षिसे डब्यांचीच असत. जे दादरच्या ब्लॉकमध्ये प्रतिष्ठेचे ते चार वर्षांनी चाळीत पोचे, आणि चाळीतली आई डबा पुरवण्यासाठी पावडर कमी व पाणी जास्त घाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अशा दुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता केली. ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्याला देशभरच्या बालरोगतज्ज्ञांनी स्तनपान-प्रसाराचे राष्ट्रीय जाळे उभारले, आणि १९९२च्या केंद्रीय कायद्याने बालदुधाच्या व बाटल्यांच्या जाहिराती, फुकट नमुने आणि डॉक्टरांना दिल्या जाणाऱ्या भेटी यांवर बंदी आली. डब्यावर बाळाचे चित्र छापायलाही मनाई आहे.

हा अनुभव एकट्या मुंबईचा नाही. अमेरिकेत गुलामगिरीच्या काळात काळ्या बायकांना स्वतःचे मूल बाजूला ठेवून मालकाचे मूल पाजावे लागे. हिंदुस्थानातल्या इंग्रज घरांतही पाजायला देशी दाई ठेवण्याची पद्धत होती, आणि एकोणिसाव्या शतकातले भायखळा हे साहेबांच्या बंगल्यांचे उपनगर होते. आजही अमेरिकेत पगारी बाळंतपणाच्या रजेचा देशव्यापी कायदा नाही. कमी पगाराच्या, तासांवर मोजल्या जाणाऱ्या नोकऱ्यांत काळ्या बायका अधिक, म्हणून लवकर कामावर परतणाऱ्याही त्याच. २०२१ साली तिथे दर लाख जन्मांमागे गोऱ्या मातांचे सुमारे २७ मृत्यू झाले, काळ्या मातांचे ७०. आपल्याच वस्तीतल्या, आपल्याच बोलीत समजावणाऱ्या बायकांनी नव्या आईच्या घरी जाणे, हा उपाय तिथल्या काळ्या बायकांच्या संघटनांनी स्वतः उभारला. मुंबईत तेच काम आशा कार्यकर्त्या आणि पालिकेच्या आरोग्य केंद्रांतल्या सेविका करतात. शीवच्या अनुभवातून डॉ. फर्नांडिस यांनी १९९९ साली स्थापन केलेल्या ‘स्नेहा’ संस्थेचे झोपडवस्त्यांतले कामही असेच चालते.

महाराष्ट्रातले अलीकडचे आकडे दोन दिशांनी बोलतात. २०१८ ते २०च्या नमुना नोंदणीत राज्यातला मातामृत्यूचा दर लाखामागे ३३ होता, देशाचा ९७. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालची ७१ टक्के मुले निव्वळ अंगावर पिणारी आढळली. पण जन्मल्यापासून तासाभरात पाजले गेलेले फक्त ५३ टक्के, आणि तेही जवळपास सगळी बाळंतपणे रुग्णालयांत होत असताना. चीक फेकणारी आजी आता अपवाद आहे. उशीर होतो तो सिझेरियननंतर आई गुंगीत असते म्हणून, आणि बाळ तिच्या उशाशी आणायला कोणाला सवड नसते म्हणून. विल्स यांच्या शोधाला नव्वद वर्षे होत आली असताना, त्याच पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी भरले.

२०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आली. पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा हेही आले. एसटी स्थानकांत आणि सरकारी कचेऱ्यांत ‘हिरकणी कक्ष’ झाले. घरी राहिलेल्या तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या गवळणीचे नाव त्यांना दिले आहे. तिची अडचणही गडाचे दरवाजे ठरल्या वेळी बंद होण्याचीच होती. भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैदी आयांनाही त्यांचे सहा वर्षांखालचे मूल सोबत ठेवता येते. २००६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अशा आयांचा आहार, बाळंतपण आणि मुलांचे पाळणाघर यांविषयी नियम घालून दिले आहेत.

गिरण्या गेल्या; त्यांच्या जागी मनोरे आले आणि गिरणी कामगारांच्या लेकी-सुना त्या मनोऱ्यांत धुणीभांडी आणि स्वयंपाक करू लागल्या. चार घरची कामे करणारी बाई प्रसूती-लाभाच्या कायद्यात बसत नाही, कारण घर म्हणजे कायद्यातली आस्थापना नव्हे. तिच्या बाबतीत आरोग्यसेविकेची मदत अगदी हातातली असते. सेविका बाळाची पकड सुधारून देते: फक्त बोंडी नव्हे, भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा, तरच दूध येते आणि चिरा पडत नाहीत. कामाला जाण्यापूर्वी हाताने दूध कसे काढायचे ते ती दाखवते: बोंडीच्या मागे अंगठा आणि बोटे ठेवून आत दाबायचे, ओढायचे नाही. झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या भांड्यात, खोलीतल्या थंड कोपऱ्यात हे दूध साधारण चार तास टिकते. मुंबईच्या मे महिन्यात त्याहून कमीच धरावे. ते बाटलीने न देता वाटी-चमच्याने द्यायचे असते, म्हणून मागे राहणाऱ्या सासूला किंवा शेजारणीलाही बसवून शिकवावे लागते. सकाळी सातला बाहेर पडलेली बाई अकराला परतली तर एवढ्यात भागते. पाचवे घर धरले तर भागत नाही.